मधल्या पेटीचा इतिहास : प्रीॲम्प्लिफायर आला का, आणि वगळला का गेला?

१/२५
१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीचा ‘सीडीपी-१०१’ विक्रीस आला. किंमत १,६८,००० येन. बाजारात आलेला हा पहिला घरगुती कॉम्पॅक्ट डिस्क प्लेयर. चर्चा झाली ती चकाकणाऱ्या तबकडीची आणि लेसर किरणांची. पण यंत्राच्या पाठीमागच्या दोन लहान सॉकेटांतून जो सुमारे २ व्होल्टचा विद्युतसंकेत बाहेर पडत होता, त्याने कित्येक वर्षे संगीतयंत्रणेच्या मधोमध बसलेल्या एका पेटीचे आसन डळमळीत केले. त्या पेटीचा हा इतिहास. #धागा

२/२५
पेटीचे नाव प्रीॲम्प्लिफायर. चोखंदळ श्रोत्याच्या घरची यंत्रणा तीन पायऱ्यांची असे. पहिल्या पायरीवर संगीत देणारे यंत्र : रेकॉर्ड प्लेयर, रेडिओचा ट्यूनर वा टेप डेक. तिसऱ्या पायरीवर पॉवर ॲम्प्लिफायर, म्हणजे लाउडस्पीकरचा पडदा हलविण्याइतकी शक्ती पुरविणारे यंत्र. या दोहोंच्या मध्ये प्रीॲम्प्लिफायर. आवाजाचे बटण, खर्ज आणि तार स्वर कमीजास्त करणारी बटणे, कोणते यंत्र ऐकायचे ते ठरविणारा खटका, हे सारे याच पेटीवर. श्रोत्याचा हात रोज लागे तो हिलाच.

३/२५
ही मधली पेटी आरंभापासून नव्हती. एडिसनच्या १८७७ च्या फोनोग्राफमध्ये विजेचा संबंधच नव्हता. सुई थरथरे, तिच्याबरोबर पातळ पडदा थरथरे आणि कर्णा तो आवाज खोलीभर पसरवी. पुढे कर्णा लाकडी कपाटात दडविला गेला, तेव्हा आवाज कमी करण्यासाठी कपाटाची दारे लोटून घ्यावी लागत. घरगुती संगीतयंत्रातील आवाजाचे पहिले ‘बटण’ हे असे एक लाकडी दार होते.

४/२५
वीज आली ती १९२५ मध्ये. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीने मायक्रोफोनद्वारे ध्वनिमुद्रण सुरू झाले. त्याच वर्षी चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये केलेले मूव्हिंग कॉइल लाउडस्पीकरवरील काम प्रसिद्ध झाले. ली डी फॉरेस्टचा तीन टोकांचा व्हॉल्व्ह १९०६ पासून उपलब्ध होताच. या तिन्हींच्या संयोगातून पूर्णतः विजेवर वाजणारा ग्रामोफोन साकार झाला. त्यात दुबळा संकेत बळकट करणारे सारे टप्पे मात्र एकाच कपाटात, एकाच सांगाड्यावर बसविलेले असत.

५/२५
मग हे टप्पे वेगळे का झाले? कारण एकाच घरात दोन परस्परविरोधी स्वभाव नांदू शकत नव्हते. पॉवर ॲम्प्लिफायर म्हणजे अवजड ट्रान्स्फॉर्मर आणि तापलेले व्हॉल्व्ह. ग्रामोफोनच्या पिकअपमधून येणारा संकेत मात्र अतिशय नाजूक. ट्रान्स्फॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राची सावली त्यावर पडली, की संगीतात अखंड गुणगुण शिरे. नाजूक काम दूर नेणे हाच उपाय होता. एप्रिल-मे १९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी १५ वॉटच्या ॲम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला. जगभरच्या हौशी मंडळींनी तो घरी बांधला. तोही पॉवर ॲम्प्लिफायरच होता. त्याच्या आधीची पेटी स्वतंत्रपणे रचावी लागे.

६/२५
दरी किती मोठी होती हे आकड्यांवरून ध्यानात येते. चुंबकीय पिकअप सुमारे ५ मिलिव्होल्टचा संकेत देई. १९५३ मध्ये आलेल्या क्वाड-२ या प्रख्यात ब्रिटिश पॉवर ॲम्प्लिफायरला आपले पूर्ण १५ वॉट देण्यासाठी १.४ व्होल्ट लागत. म्हणजे मधल्या पेटीने संकेत सुमारे २८० पट वाढविल्याखेरीज गत्यंतर नव्हते. त्या काळी प्रीॲम्प्लिफायर ही चैन नव्हती. त्याच्यावाचून संगीत लाउडस्पीकरपर्यंत धड पोहोचतच नसे.

७/२५
त्याच्याकडे दुसरेही काम होते, आणि ते पहिल्याहून सूक्ष्म होते. तबकडीवर संगीत जसेच्या तसे कोरता येत नाही. खर्जाचे स्वर सुईला इतके रुंद झोके देतात, की कोरलेली खाच शेजारच्या खाचेत घुसेल. उलट तार स्वर इतके बारीक कोरले जातात, की तबकडीच्या खरखरीत ते बुडून जातील. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम दाबला जाई आणि तार स्वर मुद्दाम उचलले जात. वाजवताना नेमके याच्या उलट करायचे, ही प्रीॲम्प्लिफायरची जबाबदारी.

८/२५
अडचण अशी, की किती दाबायचे आणि किती उचलायचे यावर कंपन्यांचे एकमत नव्हते. प्रत्येकीचे गणित निराळे. अमेरिकेत सॉल मरँट्झ यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी घरीच तयार केलेल्या ‘ऑडिओ कन्सोलेट’ या प्रीॲम्प्लिफायरवर या दुरुस्तीच्या तब्बल ३६ जोड्या निवडता येत. तबकडी कोणत्या कंपनीची हे पाहून श्रोता खटके फिरवी. वाजविणे हेच एक शास्त्र होऊन बसले होते. मरँट्झ ही पुढे जगप्रसिद्ध झालेली कंपनी याच पेटीतून उभी राहिली.

९/२५
१९५४ मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे ‘आरआयएए’ने, एक समान प्रमाण ठरविले आणि हा गोंधळ हळूहळू शमला. त्या प्रमाणानुसार २० हर्ट्झच्या खर्जाला मधल्या स्वरांच्या मानाने जवळजवळ २० डेसिबल जास्तीचे बळ द्यावे लागते. म्हणजे खर्जाच्या टोकाशी २८० पटीचे काम अडीच हजार पटींवर जाई. जुन्या तबकड्यांचा प्रश्न मात्र उरलाच. बालगंधर्वांच्या विद्युत-ध्वनिमुद्रणाच्या काळातील तबकडी आज संगणकावर उतरवून घेणाऱ्यालाही आधी हेच ठरवावे लागते, की ही दुरुस्ती कोणत्या प्रमाणाने करायची.

१०/२५
इंग्लंडमध्ये या पेटीला ‘कंट्रोल युनिट’ म्हणत. हंटिंग्डन येथे पीटर वॉकर यांच्या कंपनीने क्वाड-२ सोबत दिलेली पेटीही ‘क्यूसी-२ कंट्रोल युनिट’ या नावानेच ओळखली गेली. ती आपली वीज पॉवर ॲम्प्लिफायरकडूनच घेई. अमेरिकी नाव सांगते, की ही पेटी ‘आधीचे वर्धन’ करते. ब्रिटिश नाव सांगते, की ती ‘नियंत्रण’ करते. एकाच वस्तूची ही दोन नावे पुढील वादाचे बीज आपल्या पोटात घेऊन होती. वर्धनाची गरज संपली तरी नियंत्रणाची गरज संपते का?

११/२५
१९५७-५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या आल्या आणि प्रत्येक टप्पा दुहेरी झाला. १९६० च्या दशकात व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, उष्णता आणि वजन घटले, आणि दोन्ही पेट्या पुन्हा एका खोक्यात सुखाने राहू लागल्या. बहुसंख्य घरांत हाच ‘इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर’ पोहोचला. स्वतंत्र प्रीॲम्प्लिफायर हौशी आणि सधन श्रोत्यांपुरता उरला. मात्र खोके एक असो वा दोन, आतली कामाची वाटणी तीच राहिली.

१२/२५
या पार्श्वभूमीवर पुन्हा १९८२ कडे यावे. सीडी प्लेयरचा पूर्ण पातळीचा संकेत सुमारे २ व्होल्ट. पुढे हाच आकडा रूढ झाला. १९५३ च्या क्वाड-२ ला हवे होते १.४ व्होल्ट. म्हणजे सीडी प्लेयरची तार थेट जोडली असती, तर एकोणतीस वर्षे जुना तो ॲम्प्लिफायर मधल्या पेटीवाचून पूर्ण शक्तीने वाजला असता. क्वाडच्याच १९७५ च्या ४०५ या यंत्राला तर १०० वॉटसाठी अर्धा व्होल्ट पुरे. त्याच्यासाठी सीडीचा संकेत चौपट झाला. दरी बुजली होती. उलट आता तेथे टेकडी उभी राहिली होती.

१३/२५
हे गणित साधे आहे. बहुतेक पॉवर ॲम्प्लिफायर व्होल्टेज सुमारे २० पट, म्हणजे २६ डेसिबलने, वाढवितात. २ व्होल्टचे झाले ४० व्होल्ट. ८ ओहमच्या लाउडस्पीकरवर ४० व्होल्ट म्हणजे २०० वॉट. दिवाणखान्यात ऐकताना सरासरीने एखादा वॉटही पुष्कळ होतो. प्रीॲम्प्लिफायर मात्र सवयीने हा संकेत आणखी वाढवीत राहिला. मग आवाजाचे बटण घड्याळातल्या नऊच्या पुढे नेण्याची सोय उरली नाही. आधी बटणाने संकेत दाबायचा आणि मग तोच पुन्हा वाढवायचा, असा हा द्राविडी प्राणायाम होता.

१४/२५
दुसरे कामही गेले. सीडीवर खर्ज दाबून कोरण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. कोरीव खाचेची सारी बंधने तेथे गैरलागू. शिवाय पिकअपसारखा हा संकेत नाजूकही नव्हता. लांब तारेतून तो निर्धोक जाई. प्रीॲम्प्लिफायरच्या चार कामांपैकी वर्धन आणि दुरुस्ती ही दोन संपली. यंत्राची निवड आणि आवाजाचे नियंत्रण, ही दोनच उरली. आणि ज्याच्या घरी सीडी प्लेयर हे एकच यंत्र, त्याच्यासाठी तर निवडही उरली नाही.

१५/२५
१९८० च्या दशकातच हौशी श्रोत्यांनी पहिले उत्तर शोधले : ‘पॅसिव्ह’ प्रीॲम्प्लिफायर. नाव भारदस्त, वस्तू अगदी साधी. एक डबा, त्यात एक खटका आणि आवाजासाठी एक पोटेन्शिओमीटर. ना ट्रान्झिस्टर, ना विजेची जोडणी. त्यामागचा विचार असा, की संकेताच्या वाटेवरील प्रत्येक टप्पा त्यात काही ना काही मिसळतोच; म्हणून सर्वोत्तम टप्पा तो, जो नाहीच. मूळ संगीत आणि श्रोता यांच्यामध्ये कोणी नको, ही आकांक्षा ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात वारंवार डोके वर काढते.

१६/२५
पण अनेकांना हा आवाज निस्तेज वाटू लागला, आणि त्यामागे केवळ मनाचे खेळ नव्हते. ५० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर संकेत निम्म्यावर आणते, तेव्हा त्यातून बाहेर पडताना संकेताला सुमारे साडेबारा किलोओहमचा अडथळा सोसावा लागतो. पुढे १००० पिकोफॅरडची लांब तार असली, तर १३ किलोहर्ट्झपाशीच पातळी ३ डेसिबलने घसरते. १० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर घेतले, तर हीच घसरण ६० किलोहर्ट्झच्या पलीकडे, कानाच्या कक्षेबाहेर जाते. म्हणजे जुनी पेटी आणखी एक काम मुकाट्याने करीत होती. लांब तारेला आणि पुढच्या यंत्राला पेलण्याचे ते काम होते, आणि पेटी काढल्यावरच ते दिसले.

१७/२५
दुसरे उत्तर अधिक धाडसी होते : आवाजाचे बटण प्लेयरच्या पोटातच घालावे आणि मधली पेटी समूळ काढून टाकावी. काही सीडी प्लेयरना बदलत्या पातळीचे स्वतंत्र सॉकेट दिले जाऊ लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उदयास आलेल्या वाडिया या अमेरिकी कंपनीने पुढे हाच मार्ग आपला विशेष मानला. तिच्या प्लेयरमध्ये आवाज कमी करण्याचे काम संकेत अंकांच्या रूपात असतानाच होई. प्लेयरची तार सरळ पॉवर ॲम्प्लिफायरला जोडावी, ही तिची शिफारस होती. बटण आता प्रतिरोधाचा तुकडा न राहता एक गुणाकार झाले.

१८/२५
या गुणाकाराला किंमत होती. अंकांच्या जगात एक बिट म्हणजे सुमारे ६ डेसिबल; १६ बिट म्हणजे ९६. केवळ १६ बिटांच्याच चौकटीत आवाज ३० डेसिबलने खाली आणला, तर पाच बिट खर्ची पडतात आणि संगीताच्या वाट्याला अकराच उरतात. मैफल रंगात असताना हे जाणवत नाही. तानपुऱ्याचा मंद झंकार विरत जातो, तेव्हा मात्र त्या विरण्याच्या पायऱ्या उघड्या पडू शकतात. आवाज हळू ठेवून ऐकणाऱ्याचेच नुकसान सर्वाधिक, असा हा उफराटा न्याय होता.

१९/२५
१६ बिटांचे संगीत २४ बिटांच्या चौकटीत ठेवले, की खाली आठ बिटांची मोकळी जागा मिळते. म्हणजे ४८ डेसिबलपर्यंत आवाज कमी करूनही मूळ बिट कागदोपत्री शाबूत राहतात. पण प्रत्यक्षातील अंकपरिवर्तकालाही स्वतःची सळसळ असते, आणि उत्तम यंत्रातही ती पूर्ण पातळीच्या खाली सुमारे १२० डेसिबलवर राहते. आवाज कमी केला तरी ती सळसळ कमी होत नाही. संगीत खाली येते, सळसळ जागेवरच राहते आणि दोहोंतील अंतर आटते. म्हणून थेट जोडणीत खरा प्रश्न बिटांचा नसून पातळ्या जुळविण्याचा आहे.

२०/२५
नव्या शतकातील नेटवर्क प्लेयरनी हे ओळखले. स्लिम डिव्हायसेस या कंपनीने २००६ मध्ये ‘ट्रान्स्पोर्टर’ हा प्लेयर आणला. संगणकातील संगीत घरच्या नेटवर्कवरून घेऊन वाजविणारे हे यंत्र थेट पॉवर ॲम्प्लिफायरला जोडता यावे, यासाठी आत छोटे जंपर होते. ते हलविले, की बाहेर पडणारा संकेत कायमचा १०, २० वा ३० डेसिबलने खाली येई. ढोबळ घट जंपरने, रोजची बारीक घट अंकांनी. एकाच कामाची ही विभागणी हेच या प्रश्नाचे सर्वांत समंजस उत्तर ठरले. वेगळे जंपर नसलेल्या यंत्रासाठी तारेत बसणारा लहान ‘ॲटेन्युएटर’ हेच काम करतो.

२१/२५
दुसऱ्या बाजूने नेल्सन पास यांनी मध्यममार्ग काढला. पॉवर ॲम्प्लिफायरचे रचनाकार म्हणून विख्यात असलेल्या पास यांनी २००८ मध्ये ‘बी-१’ नावाचा आराखडा हौशी बांधणाऱ्यांसाठी खुला केला. हा प्रीॲम्प्लिफायर व्होल्टेज जराही वाढवत नाही. तो फक्त आवाजाच्या बटणाच्या दोन्ही बाजूंस आधार देतो. आजच्या यंत्रणेत वर्धन गरजेपेक्षा अधिकच आहे, ही त्यामागील भूमिका. ज्या पेटीचा जन्म २८० पट वर्धनासाठी झाला, तिचे काम अर्धशतकानंतर ‘एक पट’ ठरले, हा बदल चिंतनीय आहे.

२२/२५
या साऱ्यात सुरक्षिततेची बाजू अनेकदा दुर्लक्षित राहते. प्रीॲम्प्लिफायरचे बटण ही एक भिंतही होती. प्लेयरने काहीही केले, तरी बटण जेथे आहे तेथपर्यंतच आवाज जाई. थेट जोडणीत ही भिंत नाही. संगणकाचा प्रोग्राम अडखळून आवाजाची पातळी शंभर टक्क्यांवर गेली, संगणकाची सूचनेची टिंगटिंग पूर्ण पातळीवर आली, किंवा डीटीएस पद्धतीची सीडी उलगडल्याविना वाजली, की पूर्ण २ व्होल्ट ॲम्प्लिफायरमध्ये शिरतात. मग वर पाहिलेले ते २०० वॉट. लाउडस्पीकरच्या तार स्वरांच्या भागातील केसासारख्या तारेचे वेटोळे जळायला काही क्षण पुरतात; कानाचे पडदे मग वेगळे सांगायला नकोत.

२३/२५
म्हणून जुन्या ध्वनितंत्रज्ञांचा दंडक थेट जोडणीत अधिकच लागू पडतो : पॉवर ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी चालू करावा आणि सर्वांत आधी बंद करावा. प्लेयर सुरू वा बंद होताना होणारा धक्का मग लाउडस्पीकरपर्यंत पोहोचत नाही. दुसरा नियम : बदलती पातळी देणारे सॉकेट आणि कायम पूर्ण पातळी देणारे सॉकेट यांतील फरक तार खोचण्यापूर्वी पाहावा. अनेक यंत्रांवर दोन्ही शेजारीशेजारी असतात आणि दिसायला सारखीच असतात.

२४/२५
इतिहास सरळ रेषेत चालत नाही, याचाही येथे प्रत्यय येतो. अमेरिकेत २०२० मध्ये काळ्या तबकड्यांच्या विक्रीचे मूल्य सीडींच्या पुढे गेले. १९८० च्या दशकानंतर हे प्रथमच घडले. तबकडी परतली, तिच्यासोबत ५ मिलिव्होल्टचा नाजूक संकेत परतला आणि १९५४ ची ती दुरुस्तीही परतली. फरक इतकाच, की आता ते काम ‘फोनो स्टेज’ नावाची हातभर दूर ठेवलेली लहानशी डबी करते. प्रीॲम्प्लिफायरचे जे काम १९८२ ने मोडीत काढले असे वाटले होते, ते स्वतंत्र नाव घेऊन पुन्हा दुकानात मांडले गेले.

२५/२५
तेव्हा ‘प्रीॲम्प्लिफायर हवा की नको’ हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अपुरा आहे. पेटी आणि तिची कामे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पेटी सहज काढता येते. कामे मात्र नाहीशी होत नाहीत. ती कोठेतरी स्थलांतर करतात : काही प्लेयरच्या पोटात, काही जंपरमध्ये, काही संगणकाच्या एखाद्या ओळीत, आणि सुरक्षिततेचे काम थेट श्रोत्याच्या शिरावर. मधला दुवा वगळण्यापूर्वी तो मुकाट्याने काय काय सांभाळत होता याची यादी करावी, हा धडा केवळ संगीतयंत्रांपुरता नाही. यादी पूर्ण झाली आणि प्रत्येक कामाला नवा धनी मिळाला, तर तार खुशाल थेट जोडावी. पहिल्यांदा मात्र आवाज तळाशी ठेवून.
(समाप्त)